मॉरिशसची उद्याने : लवंग, श्रीताड आणि एक एकाकी वृक्ष

मसाल्याच्या डब्यातील लवंग आपण सहज उचलतो. पण एकेकाळी तिच्यासाठी युरोपातील सत्ता एकमेकींशी झुंजल्या. तो इतिहास झाडांच्या सावलीत अनुभवायचा असेल, तर हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर जावे.

राजधानी पोर्ट लुईच्या पाठीशी मोका पर्वतरांग उभी आहे. शहराच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर पाम्प्लेमूसचे उद्यान लागते. अठराव्या शतकात लवंग व जायफळ यांच्या व्यापारावर डच कंपनीची मक्तेदारी होती. भाव टिकावेत म्हणून मोलुक्का बेटांतील ठरावीक ठिकाणे सोडून इतरत्र असलेली झाडे ती तोडवीत असे. मॉरिशस तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होते. तेथील प्रशासक पिएर प्वाव्र याने गुपचूप माणसे धाडून 1770 मध्ये ही रोपे बेटावर आणविली. योगायोग असा, की फ्रेंच भाषेत ‘प्वाव्र’ म्हणजे मिरी! मार्ग चोरीचा होता आणि त्या काळी बेटावर राबणारे हात गुलामांचे होते, हे विसरता येत नाही. मात्र रोपे वाटली गेली, तशी मक्तेदारी ढासळली. पुढे या परिसरातील बेटांवरूनच लवंग झांजिबारला पोहोचली आणि तेथे तिच्या व्यापारात भारतीय पेढ्यांनी नाव कमावले.

परातीसारख्या कडा असलेली महाकमळाची प्रचंड पाने पाहून पुढे गेले, की श्रीताड भेटतो. आपल्या ग्रंथभांडारांतील अनेक प्राचीन ताडपत्र-पोथ्या याच जातीच्या पानांवर लिहिलेल्या आहेत. हा वृक्ष अनेक दशके शक्ती साठवितो, आयुष्यात एकदाच फुलतो, असंख्य बिया देतो आणि मरतो.

खरा चटका लागतो तो मध्य पठारावरील क्युरपीपच्या उद्यानात. तेथे कुंपणाआड ताडकुळातील एक सडपातळ वृक्ष उभा आहे. शास्त्रीय नाव ‘हायोफोर्बे अमारिकॉलिस’. या जातीचे जगात ज्ञात असलेले हे एकमेव झाड! त्याची नर व मादी फुले वेगवेगळ्या वेळी उमलतात, त्यामुळे फळ धरणे कठीण. प्रयोगशाळेत अंकुर फुटले, पण रोपे मातीत तगली नाहीत.

1834 पासून करारबद्ध मजूर म्हणून येथे आलेल्या भारतीयांत मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही या भूमीत मराठी जपून आहेत. वाटलेली लवंग वाढली, परक्या मातीत आलेली माणसे रुजली. आणि याच मातीत जन्मलेला हा वृक्ष मात्र निर्वंश होऊ पाहत आहे. व्यापारात बुडालेले भांडवल कष्टाने पुन्हा उभे करता येते. निसर्गाचे मुद्दल एकदा संपले, की कोणतीही पेढी ते उसने देऊ शकत नाही. सहलीहून परतताना मुलाबाळांना एवढे उमगले, तरी प्रवास सार्थकी लागला म्हणावयाचा.