अहवाल ‘नॉर्मल’, तरीही चक्कर : वारंवार येणाऱ्या भोवळीचे कारण कोठे शोधावे?

नवी दिल्ली : रक्ततपासणी झाली, मानेचा एक्स-रे झाला, मेंदूचा एमआरआयही झाला. सर्व अहवाल ‘नॉर्मल’ आले, पण चक्कर काही थांबली नाही. वारंवार चक्कर येणाऱ्या अनेक रुग्णांचा अनुभव असाच असतो. कारण सापडत नाही म्हणून आधी मानेच्या मणक्यांना, मग रक्तदाबाला, पित्ताला आणि अखेरीस मनाला दोष दिला जातो. वस्तुतः अशा त्रासाचे निदान बहुतांश वेळा यंत्रापेक्षा रुग्णाच्या हकिकतीतून आणि साध्या शारीरिक तपासणीतून होते. चक्कर किती वेळ टिकते आणि ती कशामुळे सुरू होते, हे दोन प्रश्न त्यात निर्णायक ठरतात.

अहवालात का दिसत नाही?

डोळे, आंतरकर्ण आणि स्नायू-सांध्यांतील संवेदना या तिघांकडून येणाऱ्या माहितीचा मेळ घालून मेंदू शरीराचा तोल राखतो. आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात. या यंत्रणेवरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा अवयव अत्यंत लहान असून त्याच्या कार्यातील बिघाड नेहमीच्या एमआरआयमध्ये सहसा दिसत नाही. त्यामुळे स्वच्छ अहवालाचा अर्थ मेंदूत गाठ किंवा तत्सम विकृती आढळली नाही, एवढाच असतो. आजारच नाही, असा तो नसतो. मानेच्या मणक्यांची झीज मात्र वयानुसार बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये दिसते. ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच येते, असे सिद्ध होत नाही.

एक शब्द, अनेक तक्रारी

भोवताल गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चालताना झोक जाणे, डोके हलके वाटणे या सर्वांना व्यवहारात ‘चक्कर’च म्हटले जाते. अमेरिकी डॉक्टर ड्रॅकमन आणि हार्ट यांनी १९७२ मध्ये या तक्रारींचे चार प्रकार पाडले आणि पुढे अनेक वर्षे त्याच आधारे निदान होत राहिले. तथापि, एकच रुग्ण वेगवेगळ्या वेळी वेगळे वर्णन करतो, असे दिसून आल्याने आता कालावधी आणि निमित्त यांवर अधिक भर दिला जातो.

कूस बदलताना, अंथरुणातून उठताना किंवा वरच्या फळीवरील डबा काढण्यासाठी मान वर करताना सर्व काही गरगरते आणि साधारण मिनिटभरात थांबते, असे असल्यास ‘बीपीपीव्ही’ची शक्यता मोठी असते. आंतरकर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक जागा सोडून नलिकेत शिरल्याने हा त्रास होतो. रुग्णाला विशिष्ट पद्धतीने आडवे करून डोळ्यांची हालचाल पाहिली की निदान होते. त्यानंतर डोके ठरावीक क्रमाने वळवून स्फटिक मूळ जागी नेता येतात. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते आणि अनेकांना एक-दोन वेळातच आराम पडतो.

वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकणारी चक्कर, सोबत कानात आवाज आणि ऐकू कमी येणे ही मेनिएर आजाराची लक्षणे होत. पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंतची चक्कर आणि अर्धशिशीचा पूर्वेतिहास असल्यास ‘व्हेस्टिब्युलर मायग्रेन’चा विचार होतो. या प्रकारात प्रत्येक वेळी डोके दुखतेच असे नाही, म्हणून तो हमखास निसटतो. उभे राहताच अंधारी येत असेल, तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा लागतो. वरचा आकडा वीस किंवा अधिकने उतरल्यास पाण्याची कमतरता, सुरू असलेली औषधे आदी कारणे शोधली जातात.

तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवस डोलल्यासारखे वाटणे आणि गर्दीत वा मॉलमध्ये ते वाढणे, या स्थितीचे निदान-निकष बारानी सोसायटीने २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. तिला ‘पीपीपीडी’ म्हणतात. मूळ आजार ओसरल्यानंतरही मेंदू सतत सावध राहिल्याने हे घडते. हा त्रास खरा असतो, रुग्णाचा कांगावा नव्हे.

गोळ्या किती दिवस?

प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारख्या गोळ्या तीव्र चक्कर व उलट्यांमध्ये काही दिवसांपुरत्या उपयोगी पडतात. त्या महिनोन्‌महिने घेतल्यास मेंदूची जुळवून घेण्याची प्रक्रिया मंदावू शकते आणि विशेषतः वृद्धांमध्ये पार्किन्सनसारखा कंप व ताठरपणा येऊ शकतो. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या सुरू ठेवण्याऐवजी डॉक्टरांकडून त्यांचा फेरविचार करून घेणे हिताचे ठरते.

त्रासासोबत जगताना

तारीख, वेळ, कालावधी, निमित्त, जेवण, झोप आणि सोबतची लक्षणे यांची नोंदवही डॉक्टरांना मोलाची माहिती देते. रात्री मंद दिवा लावावा, न्हाणीघरात आधाराची दांडी बसवावी, उठण्यापूर्वी काही क्षण काठावर बसावे. झटके आटोक्यात येईपर्यंत वाहन चालवणे, शिडी वा परातीवर चढणे, एकट्याने पोहणे टाळावे. मात्र पडण्याच्या भीतीने हालचालच बंद केल्यास तोल आणखी बिघडतो. नजर, मान आणि चालण्याचे क्रमाक्रमाने वाढवायचे व्यायाम १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी विकसित केले. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आजही त्यांचा लाभ होतो.

हे संकेत दुर्लक्षू नयेत

अचानक चक्कर येऊन एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे, चेहरा वाकडा होणे, हातापायातील शक्ती जाणे, आधाराशिवाय उभेही राहता न येणे किंवा कधी न अनुभवलेली तीव्र डोकेदुखी ही पक्षाघाताची चिन्हे असू शकतात. छातीत दुखून वा धडधड होऊन शुद्ध हरपणेही गंभीर होय. अशा वेळी घरगुती उपाय न करता ११२ किंवा १०८ क्रमांकावर संपर्क साधून तातडीने रुग्णालय गाठावे. मेंदूच्या मागील भागातील पक्षाघात सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही. त्यामुळे स्कॅन स्वच्छ आला, तरी लक्षणे कायम असतील तर ती डॉक्टरांच्या पुन्हा निदर्शनास आणून द्यावीत.