जमिनीची किंमत काढून घ्यायला किती खर्च येतो?



कर्ज, वाटणी किंवा भूसंपादन निघाले की "आधी जमिनीचं व्हॅल्युएशन करून आणा" असे कोणीतरी सांगतोच. पैसे मोजण्याआधी एवढेच विचारा: अहवाल मागितलाय कोणी आणि कशासाठी?

१) कर्ज : १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तारण नाही, तर किमतीचा अहवाल कशाला? मोठ्या कर्जासाठी बँका बहुधा आपल्या यादीवरचाच मूल्यमापक धरतात. म्हणून आधी बँकेत विचारा, नाहीतर दोनदा खर्च पडेल.

२) वाटणी, विक्री : नोंदणी व मुद्रांक विभागाचे दरतक्ते, म्हणजे रेडी रेकनर, संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. पण हे दर मुद्रांक शुल्कासाठी असतात. खरा भाव कळायला शेजारच्या गटांची अलीकडची खरेदीखते पाहा. त्यांची नोंद दुय्यम निबंधकाकडे असते.

३) भूसंपादन : २०१३ च्या कायद्याप्रमाणे बाजारभाव जिल्हाधिकारीच ठरवतात. त्याची फी तुमच्याकडे नाही. मात्र विहीर, फळझाडे यांची नोंद सातबाऱ्यावर आधीच करून ठेवा. निवाडा कमी वाटला तर रक्कम हरकत नोंदवूनच घ्या. मुकाट्याने घेतलीत, तर वाढीव मागणीचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी हजर असाल, तर सहा आठवड्यांत अर्ज करावा लागतो. इथे मात्र स्वतःच्या मूल्यमापकाचा अहवाल कामी येतो.

आता फीबद्दल. संपत्ती कराच्या जुन्या नियमांत नोंदणीकृत मूल्यमापकासाठी कमाल प्रमाण दिलेले होते: पहिल्या ५ लाखांवर अर्धा टक्का, पुढच्या १० लाखांवर ०.२ टक्का. म्हणजे १२ लाखांच्या जमिनीला २,५०० अधिक १,४००, एकूण ३,९०० रुपये. घासाघीस करताना हा हिशेब डोक्यात असू द्या. आज फी ठरवून घ्यावी लागते. प्रवासखर्च आणि जीएसटी त्यात धरला की वेगळा, हे कागदावर लिहून घ्या.

"किंमत वाढवून देतो, वाढीतला हिस्सा द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. फुगवलेला अहवाल बँकेत टिकत नाही, कोर्टातही टिकत नाही.

सातबारा, आठ-अ, फेरफार आणि मोजणीचा नकाशा तयार ठेवा. कागद पुरे असले की मूल्यमापकाची फेरी वाचते आणि तुमचा पैसाही.