प्रशांत महासागरातील युद्ध आणि मुंबईची आरमारी गोदी

टाउन हॉलच्या पायऱ्या उतरून काळ्या घोड्याच्या दिशेने चालू लागले म्हणजे डाव्या हाताला जी उंच भिंत बराच वेळ सोबत करते, आणि जिच्यात ‘लायन गेट’ या नावाने सर्वश्रुत असलेला दरवाजा आहे, त्या भिंतीच्या आड मुंबईचा एक अतिप्राचीन कारखाना पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ अव्याहत चालू आहे. गिरगावातून, लालबाग-परळहून, माझगावाहून कामगारांच्या कित्येक पिढ्या या दरवाजाने सकाळी आत गेल्या आणि संध्याकाळी बाहेर आल्या. परंतु शहराच्या इतर जनतेला तो कायमचा बंद असल्यामुळे, आणि आरमारी कामाविषयी घरीसुद्धा बोलू नये असा दंडक असल्यामुळे, या कारखान्याची कैफियत मुंबईकरांना जितकी ठाऊक असावयास हवी तितकी ती नाही. अमेरिका आणि जपान यांच्यामध्ये १९४१ ते १९४५ या काळात जे प्रचंड सागरी युद्ध झाले, त्याचा विचार करताना मला या गोदीची आठवण वारंवार होते, व त्याचे कारण केवळ स्थलप्रेम हे नाही.

सुकी गोदी म्हणजे काय, हे प्रथम नीट ध्यानात घेतले पाहिजे. जहाज पाण्यात असेपर्यंत त्याच्या तळाला हात लावता येत नाही. आणि जहाजाचे आयुष्य तर सर्वस्वी त्या तळावर अवलंबून. शेवाळाचे आणि शिंपांचे थर चढले की वेग मंदावतो, सुकाणू आणि पंखे झिजतात, लाकडी जहाज असेल तर समुद्री किडा फळ्या पोखरतो. म्हणून किनाऱ्यालगत दगडी पायऱ्यांचा एक खोल हौद बांधावयाचा, उधाणाच्या भरतीला त्यात जहाज घ्यावयाचे, दरवाजा लावून आतील पाणी काढून टाकावयाचे, आणि ओळीने मांडलेल्या ठोकळ्यांवर जहाजाचा कणा अलगद टेकवून दोन्ही अंगांनी लाकडी टेकू द्यावयाचे, अशी ही योजना आहे. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीचा फरक चौदा फुटांच्या आसपास असतो. त्यामुळे वाफेचे पंप येण्यापूर्वीच्या काळात पाणी काढण्याचे बरेचसे काम ओहोटीच करून देत असे. ठोकळे मांडणाऱ्याने एक ठोकळा बोटभर चुकवला तरी हजारो मणांचे ओझे वाकडे पडून जहाजाच्या फासळ्या मोडावयाच्या. हे काम पुस्तकावरून शिकता येत नाही. ते मुकादमाच्या हाताखाली वर्षानुवर्षे उभे राहूनच अंगी येते.

या विद्येला कोकणचा किनारा अपरिचित नव्हता. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमाराने खडकात खोदलेली गोदी आजही पाहावयास मिळते. मुंबईत कंपनी सरकारने लवजी नसरवानजी वाडिया या पारशी कारागिरास १७३५ च्या सुमारास सुरतेहून आणविले, १७५० मध्ये पहिली सुकी गोदी बांधून झाली, आणि १८१० पर्यंत डंकन गोदीची भर पडली. वाडिया घराण्याने मलबारी सागाची जी जहाजे येथे बांधली, त्यांपैकी १८१७ सालचे ‘ट्रिंकोमाली’ हे इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप तरंगत आहे. आणि १८१३ सालच्या ‘कॉर्नवॉलिस’ने १८१५ मध्ये अमेरिकेच्या ‘हॉर्नेट’ या जहाजाचा असा पाठलाग केला की, वजन हलके करण्यासाठी अमेरिकनांना आपल्या तोफा समुद्रात फेकून द्याव्या लागल्या.

आता प्रशांत महासागराकडे वळू. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर जो हल्ला केला, त्यात युद्धनौका बुडाल्या, विमाने जळाली, दोन हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. मात्र तेथील सुक्या गोद्या, दुरुस्तीचे कारखाने आणि तेलाच्या टाक्या जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या. माझ्या मते त्या युद्धाचा निकाल ज्या काही गोष्टींनी लागला, त्यांत या अनवधानाचा क्रम फार वरचा आहे. कारण जखमी झालेल्या आठ मोठ्या युद्धनौकांपैकी सहा पुढे दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रावर गेल्या. १९४२ च्या मे महिन्यात प्रवाळ समुद्राच्या लढाईत ‘यॉर्कटाउन’ या विमानवाहू जहाजावर बॉम्ब पडला, आणि त्याच्या दुरुस्तीस तीन महिने लागतील असा जाणकारांचा अंदाज होता. असे असता २७ मे रोजी ते पर्ल हार्बरला पोहोचले, चौदाशे कामगारांनी अहोरात्र खपून त्याला उभे केले, आणि ३० मे रोजी ते मिडवे बेटाच्या दिशेने निघालेसुद्धा. त्याच प्रवाळ समुद्रात जखमी झालेले ‘शोकाकू’ आणि विमाने गमावून बसलेले ‘झुइकाकू’ ही दोन जपानी जहाजे मात्र स्वदेशाच्या बंदरात राहिली. ४ जून रोजी मिडवेजवळ जे घडले ते सर्वांना माहीत आहे: जपानची चार विमानवाहू जहाजे गेली. ‘यॉर्कटाउन’ही वाचले नाही, परंतु पहिल्या हल्ल्यानंतर त्याच्यावरील कारागिरांनी दोनएक तासांत ते इतके सावरले होते की, दुसऱ्या हल्ल्याच्या जपानी वैमानिकांना ते वेगळेच जहाज वाटले.

पुढे अमेरिकन आरमार जसजसे एकेक बेट घेत पश्चिमेकडे सरकले, तसतसे त्याने आपल्या गोद्याही बरोबर नेल्या. लोखंडी तरंगत्या गोद्यांचे अवाढव्य तुकडे ओढून आणावयाचे, एस्पिरितु सान्तो किंवा मानुस बेटाच्या आडोशाला ते जोडावयाचे, आणि पोटात पाणी भरून खाली जाणाऱ्या व ते उपसून वर येणाऱ्या त्या गोदीत युद्धनौका उचलून घ्यावयाची, हा प्रकार पूर्वी कोणत्याही युद्धात एवढ्या प्रमाणावर झाला नव्हता. सप्टेंबर १९४४ मध्ये हाती आलेले उलिथी हे प्रवाळबेट काही आठवड्यांतच मोठे आरमारी ठाणे झाले. जपानच्या जखमी जहाजाला मात्र बहुधा स्वदेशापर्यंतची वाट धरावी लागे, आणि त्या वाटेवर अमेरिकन पाणबुड्या टपलेल्या असत.

या दुरुस्तीच्या साखळीची एक कडी मुंबई होती. ३० जानेवारी १९४२ रोजी, सिंगापूर पडण्याच्या थोडे आधी, तेथील केपेल बंदरात ‘वेकफील्ड’ या अमेरिकन सैन्यवाहू जहाजावर जपानी बॉम्ब पडून पाच माणसे ठार झाली. एके काळचे हे ‘मॅनहॅटन’ नावाचे उतारू जहाज, सुमारे चोवीस हजार टनांचे. इंग्रज स्त्रिया आणि मुले यांना घेऊन ते कोलंबोस आले. तेथे दुरुस्तीची सोय झाली नाही, म्हणून फेब्रुवारीत ते मुंबईस आणण्यात आले, आणि येथे तात्पुरती डागडुजी करून घेऊन आफ्रिकेच्या टोकास वळसा घालीत न्यूयॉर्कला रवाना झाले. एप्रिलमध्ये जपानी आरमाराने कोलंबो आणि त्रिंकोमाली यांवर हल्ले केले, विशाखापट्टण व काकीनाड्यावर बॉम्ब टाकले, ‘हर्मिस’ हे विमानवाहू जहाज बुडविले. तेव्हा ब्रिटिश अॅडमिरल सॉमरव्हिल यांच्या ताफ्यातील वेगवान जहाजे आश्रयासाठी मुंबईच्याच बंदरात आली. शहरात दिव्यांना काळे कागद लागले होते, आणि गिरगाव-दादरच्या चाळींतून बिऱ्हाडे कोकणच्या आणि देशावरच्या गावांकडे निघाली होती. ज्यांना गोदीत हजेरी द्यावयाची होती, त्यांना अर्थातच जाता आले नाही.

जपानी जहाज मुंबईला नवीन नव्हते, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने निप्पॉन यूसेन काइशा या कंपनीने १८९३ मध्ये कोबे-मुंबई हा मार्ग सुरू केला, आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस त्या मार्गाने जपानी गिरण्यांना जाऊ लागला. पुढे त्याच गिरण्यांचे स्वस्त कापड परत येऊन लालबाग-परळच्या गिरण्यांशी स्पर्धा करू लागले. अर्धशतकाच्या या व्यापारी संबंधाचे युद्धात कसे रूपांतर झाले, त्याचे उदाहरण म्हणजे ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’ ही दोन जहाजे: ओसाका शोसेन काइशाने उतारू व माल यांसाठी बांधलेली, आणि आरमाराने तोफा चढवून व्यापारी जहाजांच्या शिकारीला सोडलेली.

त्यांची गाठ पडली ती ‘बेंगाल’ या चिमुकल्या हिंदी नौकेशी. रॉयल इंडियन नेव्हीसाठी ऑस्ट्रेलियात बांधलेल्या चार सुरुंगहारी नौकांपैकी ही एक, सिडनीच्या कॉकाटू बेटावरील कारखान्यात तयार झालेली. तिची बहीण ‘बॉम्बे’ ३१ मे १९४२ च्या रात्री सिडनी बंदरात उभी असतानाच तीन जपानी बुटक्या पाणबुड्या अमेरिकन ‘शिकागो’ क्रूझरवर नेम धरून आत शिरल्या होत्या. आपल्या शहराचे नाव धारण करणारी नौका त्या रात्री तेथे होती, हे येथे फार थोड्यांना माहीत आहे.

सुरुंगहारी नौकेचे काम संयमाचे आणि जोखमीचे. मागे दोन्ही अंगांना पोलादी दोर सोडावयाचे, ते पाण्यात ठरावीक खोलीवर ताणून ठेवावयाचे, आणि तळाशी साखळीने बांधलेल्या सुरुंगाची साखळी दोराच्या कातरीत सापडून तुटली व सुरुंग वर आला, की तो गोळ्यांनी उडवावयाचा. अशा नौकेवर मोठ्या तोफा नसतात. ‘बेंगाल’ सुमारे साडेसहाशे टनांची; जड तोफ उपलब्ध न झाल्याने तिच्यावर एकच बारा पौंडी तोफ आणि काही विमानविरोधी तोफा होत्या. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘ऑन्दिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे ती जात असता कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस ही दोन जपानी जहाजे क्षितिजावर दिसली. त्यांतील प्रत्येक दहा हजार टनांचे, साडेपाच इंची तोफांनी सज्ज. ‘बेंगाल’चे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी तेलवाहू जहाजाला निसटण्यास सांगितले आणि आपली नौका थेट शत्रूवर घातली. ‘ऑन्दिना’ही थांबून आपल्या एकुलत्या चार इंची तोफेने लढली. ‘होकोकू मारू’वर गोळा बसून आग लागली, स्फोट झाले, आणि ते बुडाले; नेमका कोणाचा गोळा तो, हा वाद आहे, आणि त्याचे श्रेय दोघांना देणे मला न्याय्य वाटते. ‘ऑन्दिना’चे कप्तान हॉर्समन मारले गेले, तिला पाणतीरही बसले, तरी तिचे खलाशी होड्यांतून पुन्हा जहाजावर चढले आणि ते फ्रीमँटलला परत घेऊन गेले. ‘बेंगाल’चा दारूगोळा संपत आला होता, पुढील भागात गोळा लागून भगदाड पडले होते, आणि तिच्यावरील एकही माणूस दगावला नव्हता.

युद्धापूर्वी हिंदी आरमाराची भरती बहुतांशी रत्नागिरीचा किनारा आणि पंजाब यांतून होत असे. १९३९ मध्ये दीड-दोन हजारांचे असलेले हे दल युद्ध संपेतो पंचवीस हजारांच्या वर गेले. त्याबरोबर गोदीचाही पसारा वाढला: फिटर, सुतार, बॉयलरवाले, वेल्डर, विजेचे कारागीर. चुंबकीय सुरुंगांपासून बचावासाठी प्रत्येक जहाजाच्या अंगाभोवती विजेच्या तारांचे वेटोळे बसवावे लागे. बिनतारी यंत्रे आणि पाणबुडीशोधक यंत्रे यांची देखभाल करावी लागे. पूर्वी लेथवर किंवा भट्टीवर हयात घालविलेल्या माणसांनी या नव्या विद्या काही महिन्यांत आत्मसात केल्या. विल्सन यांचे नाव आरमाराच्या दप्तरात सन्मानाने नोंदले गेले. गोदीच्या कामगाराचे नाव हजेरीपटापलीकडे कोठे गेले नाही. हा अन्याय आहे, आणि तो अद्याप कोणी दूर केलेला नाही.

१४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि वर कापसाच्या गाठी होत्या. चारच्या सुमारास पहिला आणि त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला, त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला, आणि जपानी हल्ला झाला असे कित्येकांना वाटले. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. बंदरात आणि मशीद बंदरच्या वस्तीत मिळून शेकडो माणसे मेली. सरकारी नियंत्रणामुळे येथील वर्तमानपत्रांना मे महिन्यापर्यंत बातमी देता आली नाही, तर जपानी ताब्यातील सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी सविस्तर सांगितली. पुढील सात महिने आठ हजार माणसे राडारोडा उपशीत होती, आणि गोद्या पुन्हा चालू झाल्या.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला. युद्धाने हिंदी आरमारात सुशिक्षित तरुण आणले होते. बिनतारी यंत्रावर काम करता करता त्यांनी जगाची हालचाल ऐकली होती. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशशाळेत त्यांनी संप पुकारला, आणि तो आरमारी गोदीतील जहाजांवर व गोदीला लागून असलेल्या कॅसल बराकीत पसरला. २१ तारखेला त्या बराकीच्या भिंतीवरून दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला. २२ तारखेला गिरणगाव बंद राहिले, आणि परळला गोळीबारात कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे मारल्या गेल्या. नाविकांच्या मागण्यांत बरे अन्न, गोऱ्या नाविकांच्या बरोबरीचे वेतन, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका या होत्याच. आणि त्यांच्या जोडीने आणखी एक मागणी होती. जपानच्या शरणागतीनंतर जावा बेटावर जे हिंदी सैन्य नेण्यात आले होते, आणि सुराबायात जे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यसैनिकांशी लढविले गेले, ते तेथून परत आणावे, असे मुंबईच्या बंदरातील या नाविकांनी आपल्या सरकारला लेखी कळविले होते.