चिप ओढू नका, सुटू द्या

पूर्वीच्या चिपचे पाय भोकांतून सर्किट बोर्डाच्या पलीकडे जात. आजच्या बहुतेक चिपा बोर्डाच्या पृष्ठभागावरच, तांब्याच्या चिमुकल्या पट्ट्यांवर सोल्डरने डाखलेल्या असतात. आठ पायांची अशी बिघडलेली चिप हाताने काढायची, तर अडचण येते ती वेळेची. एक पाय वितळवून आपण दुसऱ्याकडे वळतो, तोवर पहिला गोठतो. मग ओढाताण सुरू होते. तांब्याची पट्टी बोर्डाला रेझिनने चिकटलेली असते; तापल्यावर ही पकड सैलावते आणि चिपबरोबर पट्टीही निघते. चिप दुसरी मिळेल, बोर्ड मात्र वाया!

आम्ही प्रयोगशाळेत बिस्मथची मदत घेतो. कथील-शिशाचे ६३:३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. युरोपात २००६ साली शिशावर निर्बंध आल्यानंतर रूढ झालेले कथील-चांदी-तांब्याचे सोल्डर त्याहून हट्टी, सुमारे २१७ अंशांचे. उलट ५८ टक्के बिस्मथ व ४२ टक्के कथील यांचे संमिश्र १३८ अंशांनाच वितळते. फ्लक्स लावून याची सलग रेघ दोन्ही बाजूंच्या पायांवर द्यायची आणि सोल्डरिंग आयर्न आळीपाळीने फिरवायची. जुन्या सोल्डरमध्ये बिस्मथ मिसळले, की मिश्रण बराच वेळ पातळ राहते. सगळे पाय एकदम सुटतात. चिमट्याने चिप अलगद उचलावी.

उरलेले मिश्रण तांब्याच्या वेणीने पूर्ण टिपून घ्यावे. बिस्मथ, शिसे व कथील यांचे एक मिश्रण ९६ अंशांना, म्हणजे उकळत्या पाण्यातही वितळते. नव्या चिपखाली ते राहिले, तर तापणाऱ्या यंत्रातला सांधा टिकणार कसा?