संगणकाच्या कोठारांतील तंटा

संगणकावर आज्ञावली बसवितांना किंवा अद्ययावत् करितांना पुष्कळदां नकार मिळतो, आणि विद्यार्थी संगणकास हट्टी समजून त्याजवर बळजबरी करूं पाहतात. हा नकार कां येतो, याचें थोडें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोणतीहि आज्ञावली सर्व कामें स्वतः करीत नाहीं. चित्र दाखविणें, मजकूर गुप्त लिपींत पाठविणें इत्यादि सामान्य कामांसाठीं तयार भाग असतात; त्यांस लायब्ररी म्हणतात. कोणत्या आज्ञावलीस कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ति हवी, याचा हिशेब ठेवणारा कोठावळा म्हणजे पॅकेज मॅनेजर. लिनक्सच्या डेबियन शाखेंत १९९९ पासून हें काम 'अ‍ॅप्ट' करितो.

उदाहरणार्थ, संकेतशब्द गुप्तपणें पोहोंचविणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी घेऊं. एप्रिल २०२२ मध्यें निघालेल्या उबुंटु २२.०४ च्या कोठारांत तिच्या १.१.१ आवृत्तीच्या जागीं ३.० आली. जुन्या आज्ञावल्यांस पहिलीच पाहिजे होती. ती कोठारांत नव्हती. म्हणून अ‍ॅप्टनें नकार दिला. कित्येकांनीं जुन्या कोठारांतून ती आणून बसविली. दोन्ही आवृत्त्यांच्या फायलींचीं नांवें भिन्न असल्यामुळें त्या शेजारीं नांदतात व काम चालतें. परंतु १.१.१ ची सार्वजनिक दुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्यें थांबली. ज्या कुलपाची दुरुस्ती होत नाहीं, त्याच्या भरंवशावर घरच्या पैशांचे व्यवहार करावे काय, याचा विचार पालकांनीं करावा.

तर मग उपाय कोणता? प्रथम नकाराचा मजकूर शांतपणें वाचावा; कोण काय मागतो, तें त्यांत लिहिलेलें असतें. कोठारांत कोणती आवृत्ति आहे, हें 'अ‍ॅप्ट-कॅश पॉलिसी' या आज्ञेनें कळतें. नंतर नव्या लायब्ररीसाठीं तयार केलेली त्याच आज्ञावलीची आवृत्ति शोधावी. ती न मिळाल्यास जुनी आज्ञावली आपल्या लायब्ररीसह कंटेनर नांवाच्या स्वतंत्र खोलींत ठेवावी, व शक्य तों इंटरनेटपासून दूर राखावी.

शेवटीं, काढून टाकावयाच्या वस्तूंची यादी वाचल्यावांचून होकार देऊं नये. २०२१ सालीं पॉप-ओएसवर स्टीम बसवूं पाहणाऱ्या एका प्रसिद्ध गृहस्थांनीं अ‍ॅप्टची धोक्याची सूचना ओलांडून होकार लिहिला, तों संगणकाचा चित्रमय पडदाच निघून गेला व केवळ अक्षरांचा काळा फलक उरला. यादी वाचण्यास एक मिनिट पुरलें असतें.