पेटीभर सीड्या

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर माझा ब्लू-रे प्लेअर पोट उघडं टाकून पडला होता. पत्र्याचं झाकण भिंतीला टेकवलेलं, चार स्क्रू चहाच्या बशीत. त्यानं एक डीव्हीडी हातानंच मधल्या चकतीवर ठेवली, वर लोहचुंबकाचं बूच बसवलं आणि स्विच दिला.

"काका, सरळ बघू नका. तिरपं बघा."

तिरपं बघितलं. डिस्कच्या खाली तुरीच्या डाळीएवढी लेन्स होती. ती वर-खाली, वर-खाली झाली, कीर्तनात माना डोलावतात तशी, आणि मग एका जागी थरथरत स्थिर झाली. डिस्कच्या पोटावर लाल उजेड पडला आणि डिस्क फिरायला लागली. "रेड आहे," तो म्हणाला. मग डीव्हीडी काढून ब्लू-रे ठेवली. लेन्सनं तीनदा मान हलवली, चौथ्यांदा हलवली आणि खाली बसली. उजेड नाही, डिस्क जागची हलली नाही. "ब्लू गेला."

या एका वाक्यात आमच्या घरच्या थिएटरचा निकाल लागला. थिएटर म्हणजे मागची अकरा बाय पंधराची खोली, भिंतीवर शंभर इंची पडदा, छताला प्रोजेक्टर आणि 2011 साली घेतलेला रिसीव्हर. ब्लू-रे वाचणारा किरण 405 नॅनोमीटरचा, म्हणजे निळा म्हणतात पण असतो जांभळा. डीव्हीडीचा 650चा लाल. सीडीचा 780चा, तो डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. एकाच डाळीमागे तीन दिवे, आणि त्यातला एक विझला होता. लेन्स आणि दिव्यांचा नवा जोड, म्हणजे पिकअप, या मॉडेलला मिळत नाही, असं त्यानं फोन न करताच सांगितलं, त्यावरून तो प्रश्न त्याला किती जणांनी विचारला असेल ते कळलं.

नवा प्लेअर घ्यायला निघालो तर बाजार आटलेला. याच गल्लीत एके काळी प्लेअरच्या खोक्यांच्या थप्प्यांमधून अंग चोरून चालावं लागे. चोखंदळ लोक ज्याचं नाव आदरानं घ्यायचे त्या ओप्पोनं 2018 मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं. पुढच्याच वर्षी सॅमसंगनं अमेरिकेत नवी मॉडेलं आणणं बंद केलं. दुकानदार विचारतो, "आता कोण बघतं सीडी? सगळं फोनवर येतं की." येतं, हे खरं. नेटफ्लिक्स फोर-के चित्रासाठी सेकंदाला 15 मेगाबिटचं इंटरनेट पुरे म्हणतं; फोर-के डिस्क त्याच सेकंदाला 128पर्यंत मेगाबिट देऊ शकते. धुक्यातला प्रसंग शंभर इंचांवर बघितला की हा फरक दिसतो. फोनवरच्या धुक्याला पायऱ्या पडतात. पण माझं कारण याहून साधं होतं. माझ्या पेटीत जे आहे ते फोनवर येत नाही.

म्हणून खोक्यांवरच्या जाहिराती वाचायच्या आधी पेटी उपडी केली आणि सीड्या मोजायला बसलो. आमच्याकडे सगळ्यालाच सीडी म्हणतात, व्हीसीडी असो, डीव्हीडी असो की ब्लू-रे. पाहुणे किती नि कोण ते बघून पाट मांडावेत, तसं हे मोजणं. प्लेअर घेणारे बहुतेक जण पाट आधी आणतात.

पहिला ढीग व्हीसीड्यांचा, त्रेपन्न निघाल्या. मोझर बेअरनं अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी विकायला काढली होती, त्या काळातला हा साठा. तेव्हा भाजी आणायला गेलं तरी पिशवीतून एक-दोन सिनेमे घरी यायचे. 'अशी ही बनवाबनवी' आहे, 'सामना' आहे, आणि कुणीतरी परत न केलेल्या पाकिटातलं एक वगनाट्यही आहे. व्हीसीडीच्या चित्रात 352 बाय 288 ठिपके, म्हणजे जेमतेम एक लाख. ब्लू-रेमध्ये वीस लाख. शंभर इंचांवर व्हीसीडीतला माणूस पाण्यात भिजवून वाळवल्यासारखा दिसतो. शिवाय एका सीडीत 74 मिनिटं मावायची, म्हणून सिनेमा दोन किंवा तीन सीड्यांवर. दिग्दर्शकाचं मध्यंतर एकीकडे, व्हीसीडीचं भलतीकडे. विनोदाचं अर्धं वाक्य पहिल्या सीडीत आणि हशा दुसरीत.

या ढिगात तळाला मुलाच्या मुंजीची सीडी. वर मुंडावळ्या बांधलेल्या बटूचा फोटो असलेलं कागदी लेबल, एका कडेनं उचकटलेलं. फोटोवाल्यानं ती घरच्याच कॉम्प्युटरवर लिहून दिलेली. अशा सीडीत छापील खाचा नसतात, रंगाचा पातळ थर असतो, आणि तो थर डीव्हीडीच्या लाल किरणाला नीट परावर्तित करत नाही. त्याला सीडीचाच किरण लागतो. आणखी एक गोष्ट मला दुरुस्तीवाल्यानं त्या दिवशी दाखवली. सीडीतला मजकूर लेबलच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो जाडीच्या बरोबर मध्ये. ब्लू-रेत खालच्या बाजूनं अवघ्या 0.1 मिलिमीटरवर, म्हणून तिला खाली कडक लेप देतात. आपण आयुष्यभर सीडीची चकचकीत बाजू सदऱ्याला पुसत आलो आणि लेबलवर बॉलपेननं तारखा कोरत आलो. नेमकं उलट करायला हवं होतं. मुंजीच्या सीडीवर मीच पेन दाबून तारीख लिहिली आहे. तीत वडिलांनी म्हटलेलं एक मंगलाष्टक आहे. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठे नाही.

दुसरा ढीग डीव्हीड्यांचा, तो कुठेही चालेल. तिसऱ्यात हिंदी ब्लू-रे. पाठीमागे ए, बी, सी अशी तिन्ही अक्षरं छापलेली, म्हणजे जगात कुठेही चालणाऱ्या. आणि चौथा ढीग उंचीनं सर्वांत लहान, पण कटकटीनं सर्वांत मोठा: अमेरिकेहून आलेल्या ब्लू-रे. त्यात अपूची तिन्ही चित्रं. सत्यजित राय यांच्या या सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनमधल्या आगीत होरपळल्या. त्यातलं जे वाचण्याजोगं होतं ते इटलीतल्या बोलोन्यामध्ये पुन्हा मऊ करून, उरलेलं दुसऱ्या प्रतींमधून घेऊन सिनेमे उभे केले, आणि 2015 मध्ये अमेरिकेच्या क्रायटेरियननं त्यांच्या ब्लू-रे काढल्या. पण ब्लू-रेच्या नकाशात अमेरिका 'ए' आणि भारत 'सी'. बंगालच्या खेड्यातली अपूची बहीण दुर्गा भारतात विकलेल्या प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर, ही डिस्क तुमच्या प्रदेशासाठी नाही, अशी पाटी येते. मी ती पाटी बघितली आहे. हसावं की चिडावं ते कळेना. फोर-के डिस्कना ही विभागणी नाही, तेवढं शहाणपण नंतर सुचलं.

भाचा न्यू जर्सीत असतो. "मामा, इथून पाठवतो की प्लेअर," म्हणाला. मी आधी मागच्या पट्टीचा फोटो मागवला. 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. म्हणजे इथे तो ट्रान्सफॉर्मरवर चालवायचा. कोथरूडच्या एका स्नेह्यांकडे हा थाट आहे. दोन किलोचा ट्रान्सफॉर्मर कपाटाखाली बसून अखंड 'हुम्म' करतो. त्यांच्याकडे या तिन्हींतला 'पथेर पांचाली' बघितला तेव्हा काशफुलांच्या पांढऱ्या रानात अपू आणि दुर्गा कान देऊन उभे राहतात, गाडीची चाहूल घेतात, आणि आम्हाला आगगाडीच्या आधी ट्रान्सफॉर्मर ऐकू आला. त्या दिवशी अमेरिका बाद झाली.

युक्ती नकाशातच सापडली. 'ए' विभागात अमेरिकेबरोबर जपान येतो आणि आग्नेय आशियाही येतो. सिंगापूर 'ए'मध्ये, आणि तिथली वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची. फक्त पिन तीन चौकोनी पायांची, तिला पन्नास रुपयांचा अडॅप्टर. मित्राची मुलगी तिथे नोकरी करते, दिवाळीला येणार होती. तिला एकच अट लिहून पाठवली: मागे एचडीएमआयची भोकं दोन हवीत. प्लेअर फोर-के डिस्कही वाचणारा हवा होता, आणि ही अट रिसीव्हरमुळे. तो 2011चा, फोर-के डिस्कच्या चित्राला जे कुलूप असतं त्याची किल्ली त्याच्याकडे नाही, त्यामुळे ते चित्र फोर-केत त्याच्यातून जाऊच शकत नाही. दोन भोकांचा प्लेअर असला की एका वायरीनं चित्र थेट प्रोजेक्टरला आणि दुसऱ्या वायरीनं नुसता आवाज रिसीव्हरला. एका भोकाचा स्वस्त प्लेअर घेतला असता तर त्याच्यापायी फोर-के चित्र किंवा ट्रूएचडीसारखा आवाज तरी सोडावा लागला असता, नाहीतर चांगला चालता रिसीव्हर भंगारात काढावा लागला असता, आणि ही गोष्ट दुकानात आपणहून कुणी सांगत नाही.

प्लेअर आला, जोडला, आणि पंधरा दिवस मी चुकीचा आवाज ऐकला. रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर डॉल्बी ट्रूएचडी असं यायला हवं, येत होतं नुसतं डॉल्बी डिजिटल. कान तक्रार करत नव्हते, डोळेच करत होते. शेवटी मेनूच्या तिसऱ्या पानावर 'सेकंडरी ऑडिओ' सापडलं. ते चालू असलं की मेनूची टिकटिक आणि दिग्दर्शकाची बडबड मूळ आवाजात मिसळायची म्हणून प्लेअर सगळाच आवाज उलगडतो आणि हलका करून पुढे देतो. ते बंद केलं, पट्टीवर ट्रूएचडी उमटलं. तेवढ्यासाठी स्वयंपाकघरातून हिला बोलावून आणलं. तिनं पट्टी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि दूध उतू जाईल म्हणून परत गेली.

दुसरी परीक्षा चालीची. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा. प्लेअर ती 60च्या वेगात बसवायला लागला की एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा, पुन्हा दोनदा असं दाखवतो. कॅमेरा सावकाश आडवा फिरताना झाडं लंगडत जातात. प्लेअर 24वर लावला तशी काशफुलं एका लयीत सरकली.

राहिल्या व्हीसीड्या. सिंगापूरच्या या साहेबानं व्हीसीडी आत घेतली, विचार केला आणि परत दिली. त्याच्या पुस्तिकेत व्हीसीडीचं नावच नव्हतं, ते मी मागवतानाच वाचलं होतं. तरी आशा असतेच. मुंजीची सीडी घेऊन पुन्हा तपकीर गल्ली. दुरुस्तीवाल्यानं फडताळातून एक जुना डीव्हीडी प्लेअर काढला, कंपनीचं नाव पुसून गेलेला, साडेसातशे रुपये. बटू दिसला, मांडव दिसला, आणि तिसऱ्या मिनिटाला चित्राच्या विटा झाल्या. त्यानं स्पिरिटच्या कापसानं लेन्स पुसली. पुन्हा विटा. मग घड्याळजीचा असतो तसला बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन पिकअपच्या बाजूचा मोहरीएवढा स्क्रू केसभर फिरवला. किरणाचा जोर वाढतो, पण त्यानं लेन्स लवकर जाते, असं म्हणाला.

"किती लवकर?"

"तुम्ही रोज बघणार आहात का?"

पुन्हा लावली. गल्लीतल्या रिक्षांच्या हॉर्नमध्ये वडिलांचं मंगलाष्टक सुरू झालं, दुसऱ्या कडव्याला ते नेहमीसारखे सुराच्या वर गेले, आणि शेवटच्या 'सावधान'पर्यंत एकही वीट पडली नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, आता ही सीडी आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग हौसेनं बघा. त्याच रात्री उतरवून घेतली, दोन ठिकाणी.

आता कपाटात दोन प्लेअर आहेत, एकावर एक नाही, शेजारी, कारण सिंगापूरवाला गरम होतो. दोन्ही रिमोट काळे, सारख्याच लांबीचे. हिनं त्यांवर लोणच्याच्या बरण्यांना लावते तसल्या चिकटपट्ट्या लावून ठेवल्या आहेत. एकीवर 'राय', दुसरीवर 'मुंज'.