संगणकावरची मराठी : अक्षर हरवू नये म्हणून

वाचकहो, तुमच्या शाळेच्या संगणकात पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाइप केलेली एखादी मराठी प्रश्नपत्रिका असेल, किंवा गावच्या यात्रेचा हिशेब असेल. ती फाइल आज उघडून पाहा. मराठी दिसली तर उत्तम. पण पुष्कळदा इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या खुणा यांचा नुसता पसारा दिसतो. फाइल बिघडली म्हणून आपण ती पुसून टाकतो. थांबा, पुसू नका. आतलं लिखाण बहुधा शाबूत असतं. हा घोटाळा कसा होतो, तेवढं समजून घेऊ.

मी काही या विद्येतला पंडित नव्हे. नोकरी सांभाळून संगणकाशी खटपट करण्याचा मला नाद आहे, इतकंच. हा धडा मात्र मी नुकसान सोसून शिकलो. २००३ साली मी माझ्या मावशीकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या आणि रात्री बसून टाइप केल्या. पुढे घर बदलताना वही गेली. मग मावशीही गेली. काही वर्षांनी नव्या संगणकावर फाइल उघडली, तर एक शब्द वाचता येईना.

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. इंग्रजी ‘ए’ला ६५ हा आकडा जगभर ठरलेला आहे. पूर्वीच्या बऱ्याच मराठी फाँटांत एक युक्ती केलेली असे. आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा आणि त्यावर चित्र मात्र मराठी अक्षराचं चढवायचं. तो फाँट संगणकात असेतोवर सारं ठीक. फाँट गेला की सोंग उतरतं आणि खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. शिवाय एका फाँटाचा हिशेब दुसऱ्याला लागू नाही. पूर्वी गावोगावची पायली वेगळी होती ना, अगदी तसंच.

१९५६ च्या कायद्यानं देशभर एकच मेट्रिक माप ठरलं. अक्षरांच्या बाबतीत हे काम युनिकोडनं केलं. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी आपल्याच देशात तयार झालेल्या ‘इस्की’ या प्रमाणावर बेतलेली आहे. ‘क’ म्हणजे २३२५, ‘ख’ म्हणजे २३२६. वर्णमालेच्या ओळीनं प्रत्येकाचा क्रमांक कायमचा ठरलेला. फाँट कोणताही घ्या, अक्षराचं वळण बदलेल, पण अक्षर बदलणार नाही.

यात आणखी एक शहाणपणा आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आपण आधी काढतो, पण उच्चार आधी ‘क’चा होतो. युनिकोड उच्चाराचा क्रम धरतो. आधी ‘क’, मग वेलांटी. मराठीतला ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. या दोन शब्दांतला फरकसुद्धा त्यात नोंदला जातो. पहिल्यातला ‘र’ २३५२ क्रमांकाचा, तर दुसऱ्यातला २३५३ चा.

आता तुम्ही काय करायचं? संगणकाच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड सुरू करा. त्याला पैसे पडत नाहीत. त्यातल्या इन्स्क्रिप्ट पद्धतीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला येतात. रोज अर्धा तास बसलात तर हळूहळू हात बसतो. लिहिण्यासाठी २०१० पासून चालत आलेलं ‘लिबरऑफिस’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतं. फोनवर मराठी लिहीत असाल, तर ते बहुधा युनिकोडच असतं.

जुनी फाइल ओळखायची साधी परीक्षा सांगतो. तिच्यातली एक ओळ उचलून फोनवरच्या संदेशात टाका. तिथं मराठी राहिली तर चिंता नाही. अक्षरांचा पसारा झाला, तर फाइल कोणत्या फाँटात होती ते शोधा आणि रूपांतर करणारं सॉफ्टवेअर वापरा. मूळ फाइल मात्र जपून ठेवा, आणि रूपांतर झाल्यावर ओळ न् ओळ वाचून पाहा. वेलांटी आणि रफार हमखास जागा चुकवतात.

माझ्या ओव्या अशाच परत मिळाल्या, पण सगळ्या नाहीत. एका ओवीत बहिणीला भेटायला निघालेला भाऊ ‘दर्या’ ओलांडून येतो की ‘दऱ्या’, हे मला आज सांगता येत नाही. रूपांतरात त्या दोन ‘र’ची सरमिसळ झाली. दोन्ही शब्द तिथं बसतात, आणि विचारायला मावशी नाही.

म्हणून गुरुजी, तुमच्याकडे मुलांनी जमवलेल्या म्हणी असतील, गावच्या विहिरींची नावं असतील, कुणा आजीनं सांगितलेल्या गोष्टी असतील, तर ते काम उन्हाळ्याच्या सुट्टीवर टाकू नका. चूक दाखवणारं माणूस ओसरीवर बसलेलं आहे, तोवरच ते तपासून घ्या.